तुमचा जुना ईसीजी आणि माझ्या घरातली पेटी



पेशंट खुर्चीवर बसला, की नाव-गाव विचारून झाल्यावर माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "जुने कागद आणलेत का?" आणि बहुतेक वेळा उत्तरही ठरलेलं असतं: "घरी आहेत ना, डॉक्टर." आजचा लेख या उत्तराबद्दल आहे. मधला बराच भाग कॉम्प्युटरच्या गल्लीबोळातून जाणार आहे, पण कंटाळू नका. तुमच्या घरातल्या रिपोर्टच्या पिशवीशी त्याचा सरळ संबंध आहे.

आधी जुन्या कागदाला एवढं महत्त्व का, ते बघू. ईसीजीत कधीकधी 'लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक' नावाचा बदल दिसतो. हृदयात विजेचा संदेश डाव्या बाजूला नेणारी जी तार असते तिच्यातून तो नीट जात नाही, म्हणून ईसीजीची नक्षी रुंद आणि वेडीवाकडी होते. छातीत दुखत असलेल्या माणसात हा बदल नवा असेल, तर हार्ट अ‍ॅटॅकची शंका वाढते. पाच वर्षांपूर्वीपासून तसाच असेल, तर विचार वेगळ्या दिशेने करता येतो. आणि नवा की जुना, हे आजच्या कागदावरून सांगता येत नाही. त्यासाठी जुनाच कागद लागतो.

छातीच्या एक्स-रेचंही तसंच. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्या फुफ्फुसावर व्रण राहतो आणि तो आयुष्यभर दिसतो. जुना एक्स-रे हाताशी नसला, की नव्या डॉक्टरला ती सावली नवीनच वाटू शकते, आणि मग पेशंटच्या मागे तपासण्यांचा ससेमिरा लागतो. कधी गरज नसताना टीबीच्या गोळ्याही पुन्हा सुरू होतात. आपल्या खानदेशात, विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यात, सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत. त्यांचं हिमोग्लोबिन तब्येत ठीक असतानाही 7 ते 9 च्या आसपास असू शकतं. शिरपूरकडचा असा तरुण ताप आला म्हणून अनोळखी दवाखान्यात गेला आणि रिपोर्टमध्ये साडेसात आलं, तर रक्त चढवायची घाई होऊ शकते. त्याचं नेहमीचं हिमोग्लोबिन किती, हे एका चिठ्ठीवर लिहिलेलं असेल तर डॉक्टर आधी ताप कशाचा ते शोधेल. तुमच्या शरीरात 'नॉर्मल' काय आहे ते पुस्तक सांगत नाही, तुमचे जुने कागद सांगतात.

आता माझी अडचण. मी जळगावला राहतो, इथेच माझा दवाखाना आहे, आणि दर गुरुवारी धुळ्याला ओपीडी करतो. एरंडोल, पारोळा करत जाणारा हा रस्ता पावणेदोन-दोन तासांचा. पुष्कळ पेशंट दोन्हीकडे येतात. मुलगी जळगावला दिलेली असते, शेती धुळे तालुक्यात असते. मग तपासणी इकडे, औषध तिकडे. जळगावच्या नोंदी माझ्या घरातल्या एका पेटीत आणि धुळ्याच्या नोंदी तिथल्या कॉम्प्युटरवर, अशी बरीच वर्षं विभागणी होती.

एका गुरुवारी साठीचे एक गृहस्थ आले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). सकाळपासून छातीत जड वाटत होतं. ईसीजी काढला तर तोच रुंद, वेडावाकडा ब्लॉक. जुना ईसीजी आहे का विचारल्यावर त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद काढला. जवळपास कोरा. "कागद शे ना डाक्टर, पण रेघा उडी गयात," ते अहिराणीत म्हणाले. त्यांचा तीन वर्षांपूर्वीचा ईसीजी मीच जळगावला काढला होता, स्कॅनही केला होता, पण ती फाईल होती नव्वद किलोमीटरवर. घरी फोन करून फोटो मागवला. पेटी उघडून, फोल्डर शोधून, मोबाईलवर फोटो येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. ब्लॉक जुनाच निघाला. अर्थात तेवढ्यावर मी त्यांना घरी सोडलं नाही. रक्तातलं ट्रोपोनिन केलं, थोड्या थोड्या वेळाने ईसीजी परत काढले आणि दिवसभर डोळ्यासमोर ठेवलं. छातीत दुखत असेल तर जुना कागद हा फक्त एक पुरावा असतो, निकाल नसतो. तुम्हीही जुना रिपोर्ट शोधण्यापायी दवाखान्यात यायला उशीर करू नका. आधी तुम्ही या, कागद मागून कोणीतरी घेऊन येईल.

पण ती पंचवीस मिनिटं मला खटकली. दोन्हीकडच्या नोंदी दोन्हीकडे असायला हव्यात, हे त्या दिवशी पक्कं झालं.

घरातली पेटी म्हणजे काय ते सांगतो. तिला नॅस म्हणतात. चपलांच्या खोक्याएवढा एक छोटा कॉम्प्युटर. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, आत दोन हार्ड डिस्क. घरातल्या राऊटरला वायरने जोडायचा, की घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून त्यात फाईल ठेवता येते. माझी पेटी जुनी आहे. 32 बिटी एआरएम प्रोसेसर, म्हणजे जुन्या मोबाईलमध्ये असायचा त्या जातीचा, आणि रॅम अवघी 512 एमबी. बनवणाऱ्या कंपनीने तिच्यासाठी नवीन काही देणं केव्हाच बंद केलं आहे. "फेकून द्या, नवी घ्या," असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पण चालणारी वस्तू फेकणं माझ्याच्याने होत नाही. आणि ज्या पेशंटला गुडघा बदलायला सांगितलंय त्यालासुद्धा मी आधी व्यायामाचं विचारतोच.

सगळं सरळ क्लाउडवर का नाही टाकलं, असं तुम्ही विचाराल. क्लाउड वाईट नाही. तुमचे स्वतःचे रिपोर्ट तुम्ही तिथे ठेवत असाल तर उत्तमच. माझा प्रश्न वेगळा होता. या नोंदी माझ्या नाहीत, तुमच्या आहेत. कोणाला गुप्तरोग आहे, कोणाच्या मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत, कोणाचा गर्भपात झाला, हे सगळं त्यात आहे. 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, पण कायदा नसता तरी ही जबाबदारी डॉक्टरची होतीच. ही माहिती कुठल्या खोलीत आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे मला बोट दाखवून सांगता यायला हवं होतं. शिवाय धुळ्याच्या ओपीडीतलं इंटरनेट दुपारी दोननंतर जी मान टाकतं, ती संध्याकाळीच वर काढतं. फाईल तिथल्या डिस्कवरच असेल तर नेट असो नसो, उघडते.

दोन ठिकाणच्या फाईली एकमेकांशी जुळवून ठेवण्याला सिंक करणं म्हणतात. त्यासाठी मी युनिसन नावाचा प्रोग्रॅम निवडला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक बेंजामिन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला. फुकट आहे, आणि आत काय लिहिलंय ते कोणालाही वाचता येतं. मागच्या वेळी दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा काय स्थिती होती, याची टिपण तो दोन्हीकडे ठेवतो. पुढच्या वेळी त्या टिपणीशी ताडून बघतो आणि कोणत्या बाजूला काय बदललं ते ओळखतो. फाईल मोठी असेल तर सगळी पाठवत नाही, बदललेला तुकडा तेवढा पाठवतो. ही तुकड्यांची युक्ती 1996 साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियात आरसिंक या प्रोग्रॅमसाठी काढली. आम्ही फॉलोअपला "मागच्या वेळेपासून काय बदललं?" विचारतो, त्यातलाच प्रकार. दरवेळी जन्मापासूनची हिस्टरी घ्यायला बसलो तर ओपीडी रात्री बारापर्यंत चालेल.

आता गोम. धुळ्याच्या कॉम्प्युटरवर युनिसनची 2.53 ही आवृत्ती होती. माझ्या पेटीसाठी तयार मिळत होती ती फार जुनी. युनिसनचा एक हट्ट प्रसिद्ध होता. दोन्ही टोकांना सारखीच आवृत्ती हवी, आणि ती ज्या कंपायलरने बनवली तोसुद्धा सारखाच हवा. 2022 मध्ये आलेल्या 2.52 पासून ही अट सैल झाली, पण त्याहून जुन्या आवृत्तीशी बोलायचं तर दोन्हींचा कंपायलर अजूनही जुळावा लागतो. माझे जुळत नव्हते. दोन लॅबच्या रिपोर्टची तुलना करताना आमचं असंच होतं. पद्धत वेगळी, किट वेगळं, मग आकडे शेजारी ठेवून उपयोग नसतो. म्हणूनच थायरॉइडची किंवा पीएसएची तपासणी शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये करा, असं मी सांगतो.

उपाय एकच उरला. नव्या युनिसनचा मूळ मजकूर आणायचा आणि पेटीवरच प्रोग्रॅम तयार करायचा. याला कंपाइल करणं म्हणतात. माणसाने लिहिलेला मजकूर म्हणजे भरताची कृती समजा. कंपायलर म्हणजे ती वाचून भरीत करणारा स्वयंपाकी. कृती तीच, पण काड्यांवर भाजायचं की गॅसवर, ते ज्याच्या त्याच्या चुलीवर ठरतं. माझ्या पेटीची चूल जुनी, म्हणून तयार पार्सल मिळत नव्हतं. कृती मात्र मिळत होती.

युनिसन ओकॅमल नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. म्हणजे आधी ओकॅमलचा कंपायलर पेटीवर हवा. तो बनवायला सी भाषेचा कंपायलर हवा. सीचा कंपायलर एन्टवेअर नावाच्या संग्रहातून मिळाला. अशा जुन्या पेट्यांसाठी उत्साही मंडळी तो चालवतात. ओकॅमलची नवी, पाचवी पिढी डिसेंबर 2022 मध्ये आली. तिने 32 बिटी प्रोसेसरसाठी थेट यंत्रभाषेत प्रोग्रॅम बनवणं सोडून दिलं. माझी पेटी 32 बिटी, म्हणून त्याआधीची 4.14 घेतली. नवं औषध आलं म्हणून प्रत्येकाला तेच द्यायचं नसतं. किडनी कमजोर असलेल्याला जुनंच बरं पडतं कधीकधी.

पहिली अडचण लगेच आली. तयारीच्या पहिल्याच पायरीवर संदेश आला, की सीमधून बनवलेले प्रोग्रॅम इथे चालवताच येत नाहीत. कंपायलर ठणठणीत होता. पेटीच्या तात्पुरत्या फोल्डरवर कंपनीने सुरक्षेसाठी एक कुलूप घातलं होतं: तिथे फाईल ठेवा, पण तिथून काही चालवू नका. शिवाय तो फोल्डर रॅममध्येच होता, म्हणजे जागाही वितभर. काम हार्ड डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं आणि तात्पुरत्या फाईलीही तिकडेच ठेवायला सांगितलं. गाडी पुढे सरकली.

दुसरी अडचण रॅमची. 512 एमबीत कंपायलर गुदमरतो. म्हणून डिस्कवर स्वॅपची जागा करून दिली, म्हणजे रॅम कमी पडली की तात्पुरतं सामान तिथे ठेवायचं. एका वेळी एकच काम कर, असंही बजावलं. काम हळू होतं, पण होतं. रात्री अकराला लावलं. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून उठलो तेव्हा पेटी गरम होती, पंखा घरघरत होता आणि काम चालूच होतं. हे मी मुद्दाम जानेवारीत केलं. मे महिन्यात जळगावला पारा 44-45 वर गेलेला असताना असल्या पेटीला रात्रभर राबवणं मला पटत नाही. त्या दिवसांत तर मी पेशंटलाही दुपारचं शेतात जाऊ देत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मजेची. मध्येच लाईट गेली. आमचा इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांना सांभाळतो, पेटी तेव्हा त्यावर नव्हती. लाईट आल्यावर काम पुन्हा सुरू केलं तर इशारा: घड्याळात तफावत आहे, काम अपुरं राहू शकतं. बघतो तर पेटीच्या मते आज 1 जानेवारी 1970 होती. या जातीचे कॉम्प्युटर वेळ मोजायला त्या दिवसापासून सुरुवात करतात. आतला घड्याळाचा बटणासारखा सेल संपला, की लाईट गेल्यावर ते थेट तिथे जाऊन पोचतात. कंपाइल करताना कोणती फाईल आधीची आणि कोणती नंतरची हे वेळेवरूनच ठरतं. वेळ चुकली की सगळा हिशेब चुकतो. बाजारातून सेल आणला, बदलला, पेटीचं घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी बांधलं आणि पेटी इन्व्हर्टरवर घेतली. तुम्ही तापाची नोंद करता तेव्हा नुसतं "ताप 101" लिहू नका, किती वाजता ते लिहा, असं मी सांगतो. वेळ नसलेल्या आकड्याचं मला काहीच करता येत नाही.

त्यानंतर युनिसन स्वतः मात्र पटकन तयार झाला. खिडक्या-बटणांशिवायचा, नुसत्या अक्षरांचा. पेटीला पडदाच नाही, तर बटणं दाखवायची कोणाला? दोन्ही टोकांमध्ये सांकेतिक लिपीतला एक बोगदा बांधला, म्हणजे वाटेत कोणी कान लावला तरी त्याला काही कळू नये. आणि रोज रात्री जुळवणी सुरू झाली.

खरी परीक्षा पुढे होती. एका गुरुवारी धुळ्यात मधुमेहाच्या एक मावशी आल्या. गोळीने अंगावर पुरळ आलं होतं. 'सल्फाची अ‍ॅलर्जी' अशी ठळक नोंद मी त्यांच्या फाईलमध्ये केली. त्या रात्री धुळ्याचं नेट बंद होतं, जुळवणी झाली नाही. शुक्रवारी त्यांच्या मुलाने जळगावच्या दवाखान्यात क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणून दाखवला आणि मी जळगावच्या फाईलमध्ये मेटफॉर्मिनचा डोस कमी केला. आता एकाच माणसाच्या दोन फाईली, दोन्ही खऱ्या, दोन्ही अपुऱ्या. काही प्रोग्रॅम अशा वेळी सरळ नवी फाईल ठेवतात आणि जुनी पुसतात. तसं झालं असतं तर शुक्रवारची फाईल जिंकली असती आणि अ‍ॅलर्जी गायब झाली असती. युनिसनने काहीच केलं नाही. दोन्हीकडे बाण असलेलं एक प्रश्नचिन्ह दाखवून तो थांबला. दोन्ही उघडून मी हाताने एक केली.

धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकरराव देवांनी गावोगावच्या मठांतून रामदासी हस्तलिखितं गोळा केली, ती तिथे जपलेली आहेत. हाताने उतरवलेल्या प्रतींमध्ये फरक पडतातच, त्याला पाठभेद म्हणतात. अभ्यासक काय करतो? नवी प्रत दिसली म्हणून जुनी टाकून देत नाही. दोन्ही समोर ठेवतो, ताडतो, ठरवतो. राजवाडे संशोधन मंडळाच्या या गावात माझ्या पेटीने तसंच वागावं, हे मला आवडलं.

आणखी एक प्रसंग. लाईटच्या गोंधळात धुळ्याची डिस्क कॉम्प्युटरला नीट जोडली गेली नाही. फोल्डर होता, पण रिकामा. आज्ञाधारक प्रोग्रॅमला वाटलं असतं, की धुळ्याच्या डॉक्टरने सगळ्या फाईली पुसल्या, चला, जळगावच्याही पुसू. युनिसनमध्ये याला अडसर आहे. एक अख्खी बाजूच रिकामी दिसली, तर तो वेगळी परवानगी मागतो. आयसीयूच्या मॉनिटरवर अचानक सरळ रेघ आली तर नर्स आधी पेशंटकडे बघते, मग छातीवरची वायर सुटली का ते बघते. बहुतेक वेळा वायरच सुटलेली असते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती तुमच्या मोबाईललाही लागू आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक आज्ञाधारक असतो. एका बाजूला पुसलं की दुसऱ्या बाजूलाही पुसतो, एका बाजूला बिघडलं की बिघाड तिकडेही नेतो. तुम्ही मोबाईलमधला फोटो डिलीट करता आणि तो क्लाउडवरूनही जातो, तो याचमुळे. पेटीतल्या दोन डिस्क एकमेकींचा आरसा आहेत, तोही बॅकअप नाही. आरशासमोर घर जळलं तर आरशातलंही जळतं. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सर्व्हरवरच्या फाईली कुलूपबंद करून टाकणारा हा प्रकार, रॅन्समवेअर म्हणतात त्याला. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक कित्येक दिवस कागद-पेनावर चाललं. असा हल्ला एका टोकाला झाला तर सिंक ती कुलूपबंद फाईल इमानेइतबारे दुसऱ्या टोकाला पोचवेल.

म्हणून माझी तिसरी प्रत आहे. दर रविवारी एक वेगळी हार्ड डिस्क पेटीला जोडतो, नक्कल घेतो आणि काढून कपाटात ठेवतो. ती डिस्क आठवडाभर कोणाचंच ऐकत नाही, कारण ती कशालाच जोडलेली नसते. महिन्यातून एकदा त्यातली चार-पाच फाईली उघडून बघतो. न उघडता ठेवलेला बॅकअप म्हणजे तारीख न बघता ठेवलेलं इंजेक्शन. वेळ आल्यावर कळतं, की एक्स्पायरी उलटून गेली.

ही सगळी खटपट माझ्या बाजूची झाली. पण कुठल्याही डॉक्टरकडची नोंद तुम्हाला जन्मभर पुरेल असं धरून चालू नका. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायच्या असतात. तुम्ही मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या असतात. म्हणजे मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण दहा वर्षांनी गेलात आणि "आता नाहीत" असं उत्तर आलं, तर वाद घालून कागद मिळणार नाही. डिस्चार्ज कार्ड तर त्याच दिवशी हातात पडायला हवं. त्यावर सही, तारीख आणि औषधांची नावं वाचता येतात का ते काउंटरवरच बघा.

आता त्या गृहस्थांच्या उडालेल्या रेघांकडे. ईसीजीचा कागद बहुतेक ठिकाणी थर्मल असतो, म्हणजे त्यावर शाई नसतेच. उष्णतेने कागदाचा लेप काळा होतो आणि रेघ उमटते. म्हणून तो गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला तर सगळाच काळपट होतो, आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात किंवा उजेडात राहिला तर रेघा फिक्या होत जातात. सॅनिटायझरचे ओले हातही त्याला चालत नाहीत. आणि कृपा करून त्याचं लॅमिनेशन करू नका! गरम रोलरमधून गेला की अख्खा कागद काळा होऊन बाहेर येतो. मोठ्या प्रेमाने लॅमिनेट केलेले काळे ईसीजी मी पाहिले आहेत. ईसीजी काढला त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर सरळ वरून, सावली न पडता, फोटो घ्या. कागदाचे चौकोन दिसले पाहिजेत, कारण आम्ही तेच मोजतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवताना फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि बारीक आकडे पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जसाच्या तसा येतो. एमआरआय आणि सीटीची सीडी मिळते, पण नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नसते. ती वेळेवर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. एक्स-रेच्या फिल्म घडी न घालता पलंगाखाली सपाट ठेवा. आभा क्रमांक काढला असेल, तो 14 आकडी, तर फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. त्याच पानावर अ‍ॅलर्जी, चालू औषधं, आणि सिकलसेल असेल तर बरं असतानाचं हिमोग्लोबिन.

या सगळ्याची एक प्रत घरात आणि एक घराबाहेर असू द्या. मुलीच्या सासरी, भावाच्या घरी, कुठेही. आणि मोबाईलमधल्या फोटोंवर एकट्यावर विसंबू नका. मोबाईल विहिरीत पडतो, नातवंडं त्यातलं काहीही पुसतात.

ते गृहस्थ आता दर तीन महिन्यांनी येतात. त्यांच्या नव्या ईसीजीच्या झेरॉक्स कापडी पिशवीत असतात, आणि एक प्रत पारोळ्याला मुलीकडे ठेवली आहे म्हणतात. धुळ्याच्या पडद्यावर त्यांचा जुना ईसीजी आता लगेच उघडतो. तरी मी पिशवी मागतोच. गुरुवारी नेट असेल की नसेल, लाईट असेल की नसेल, ते मला सकाळी निघताना माहीत नसतं. तेव्हा पुढच्या वेळी येताना पिशवी घेऊन या, आणि रिपोर्ट तारखेने लावलेले असू द्या, सगळ्यात जुना खाली.